ओवाळणीतले शूज आणि यवतेश्वरचा उतार

राखीपौर्णिमेच्या रात्री साडेनऊच्या सुमाराला ताईंचा फोटो आला. ओवाळणीचं ताट, शेजारी उघडा खोका आणि खोक्यात फिकट नारिंगी रंगाचे धावण्याचे शूज. खाली एकच ओळ होती, "सर, भावानं ओवाळणी घातली. हिल मॅरेथॉनला हेच घालू ना?" साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन तेरा दिवसांवर आली होती.

मी लगेच उत्तर पाठवलं, "नाही ताई. शर्यतीला नवीन काही घालायचं नसतं." हे वाक्य धावणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये मी गेली नऊ वर्षं तेच सांगत आलोय. पण दुसऱ्या दिवशी ताईंचे जुने शूज हातात घेतले आणि आपण उत्तर द्यायची घाई केली हे माझ्या लक्षात आलं. पुढच्या बारा दिवसांत काय काय पाहिलं, कशावरून काय ठरवलं आणि माझं कुठे चुकलं, ते सगळं इथे लिहून काढतोय. दर ऑगस्टमध्ये हा प्रश्न कोणीतरी विचारतंच आणि एका वाक्यात त्याचं उत्तर देणं बरोबर नाही असं आता माझं पक्कं मत झालंय. ताईंना विचारूनच लिहितोय. नाव मात्र नको म्हणाल्या.

धावणारी आणि रस्ता

ताई ४४ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दिवसाचे पाच-सहा तास वर्गात उभ्या असतात, त्यामुळे संध्याकाळी पाय सुजल्यासारखे होतात. तीन वर्षांपासून धावतात, आठवड्याला साधारण २५ किलोमीटर. सपाट रस्त्यावर एक हाफ मॅरेथॉन २ तास ४१ मिनिटांत केलेली. डोंगराची ही पहिलीच. त्यांच्या पायाबद्दल तीन गोष्टी सांगायला हव्यात: चवडा रुंद आहे, डावं पाऊल उजव्यापेक्षा किंचित मोठं आहे, आणि अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. ही तिसरी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

साताऱ्याची ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर सर्वांत जास्त लोक धावल्याचा गिनेस विक्रम तिच्या नावावर झाला आणि तेव्हापासून बाहेरगावची गर्दी वाढतच गेली. गाव सोडलं की समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट लागतो, रस्ता कासच्या दिशेला चढत जातो, आणि अर्ध्यावर वळून त्याच वाटेनं खाली यायचं. थोडक्यात, पहिले दहाएक किलोमीटर चढ आणि नंतरचे दहाएक किलोमीटर उतार. सगळे चढाला घाबरतात. पावलांचं खरं नुकसान होतं उतारावर.

ताईंचा उतारावरचा वेग किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या आसपास आणि मिनिटाला पावलं साधारण १६५. म्हणजे दहा किलोमीटर उतरताना एकूण बारा हजारांवर पावलं, एकेका पायाला सहा हजारांच्या वर. तितक्या वेळा पाऊल शूजमध्ये पुढे सरकायला बघतं. पुढे जागा नसेल तर तितक्या वेळा नख आतल्या कापडावर आपटतं. नख काळं पडतं ते असं: नखाखाली रक्त साकळतं आणि दोन-तीन महिन्यांनी नख गळून जातं. यात भर म्हणून सप्टेंबरचा पाऊस. घाटात धुकं, कडेनं वाहणारं पाणी, कठड्यालगत शेवाळ. ओली कातडी मऊ पडते, मोज्याला जास्त चिकटते आणि आतल्या आत ओढली जाते. त्यातून फोड येतो.

तेव्हा शूजचा प्रश्न विचारायचा तो याच रस्त्यासाठी. मुंबईच्या मॅरेथॉनला उत्तर वेगळं येईल, तिथे पेडर रोडचा चढ सोडला तर बाकी रस्ता बराचसा सरळ आहे आणि जानेवारीत पाऊस नसतो.

दोन जोड एकाच टेबलावर

मंगळवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर ताई दोन्ही जोड पिशवीत घालून घरी आल्या. मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि चारही शूज शेजारी शेजारी ठेवले.

आधी जुने. ताई रोजचं धावणं वहीत लिहितात, त्यामुळे हिशोब चटकन लागला: जवळपास ९०० किलोमीटर. रोजच्या सरावाचे शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात, धावणाऱ्याचं वजन, रस्ता, पाऊल टाकायची ढब यावर कमीजास्त. यांचं आयुष्य संपलं होतं. टाचेच्या बाहेरच्या कडेचं रबर पूर्ण झिजून आतला पांढरा फोम दिसत होता. सोलच्या बाजूला बारीक आडव्या सुरकुत्या पडलेल्या. टेबलावर सरळ ठेवला तर उजवा शूज बाहेरच्या अंगाला कलंडत होता. करंगळीजवळ जाळीला भोक. ताई म्हणाल्या, "पण सर, पायात इतके रुळलेत ना, घातलेत हे कळतच नाही." ते खरंच होतं. पण असे शूज घालून ओल्या घाटातून दहा किलोमीटर खाली यायला मी स्वतः धजलो नसतो.

आता ओवाळणीतले. भाऊ पुण्याला असतो, हौसेनं दुकानातला सगळ्यात वेगवान जोड घेऊन आला होता. आत कार्बनची पट्टी, जाड उसळता फोम, वजनाला अगदी हलका. हातात घेतल्यावर मलाही मोह झाला. पण जुन्याशी ताडून पाहिला तेव्हा दोन फरक दिसले. पहिला उंचीचा. जुन्यात टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटर वर होती, नव्यात फक्त ४. सहा मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या जाडीएवढंसुद्धा नाही, पण तेवढ्यानंही टाच खाली जाते आणि पोटरी व टाचेमागची शीर प्रत्येक पावलाला जास्त ताणली जाते. चढावर हाच ताण आणखी वाढतो.

दुसरा फरक मापाचा. भावानं भाऊजींना गुपचूप फोन करून नंबर विचारला होता आणि त्यांनी चपलेचा सांगितला: पाच. ताईंचे जुने शूज साडेपाचचे. मी नव्यातला आतला तळवा बाहेर काढला, जमिनीवर ठेवला आणि ताईंना त्यावर उभं केलं. धावण्याच्या शूजमध्ये सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा लागते. डाव्या पायाचं दुसरं बोट तळव्याच्या कडेपाशी पोचलेलं, पुढे जेमतेम नखाएवढी फट.

मी तिथेच थांबवायला हवं होतं. शूज बाहेरच्या मातीला लागले नव्हते, बिल भावाकडे होतं, दुकानानं बदलून दिले असते. पण ताई घरातल्या घरात चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "कुठेच टोचत नाहीत हो सर." चेहरा इतका खुललेला होता की मी म्हणालो, उद्या मैदानावर पाच किलोमीटर हळू पळून बघा. दुसऱ्या दिवशी पावसात चिखल लागला आणि बदलून घ्यायचा मार्ग बंद झाला. या सगळ्या प्रकरणात माझी मोठी चूक हीच. नवे शूज आधी घरातल्या फरशीवर घालून फिरावं, जिन्यावरून दहा-बारा वेळा उतरून बघावं, संध्याकाळी पाय सुजलेले असताना धावायचे मोजे घालून बघावं. एवढं होईपर्यंत रस्त्यावर न्यायचेच नाहीत.

वेगवान शूजचा मोह

बुधवारच्या पाच किलोमीटरनंतर ताईंचा फोन आला, "सर, पाय नुसते उडतात!" नेहमीपेक्षा किलोमीटरमागे वीस सेकंद लवकर झालं होतं. त्या दिवसापासून ग्रुपमध्ये चर्चा सुरू झाली. निम्मे लोक म्हणत होते, घाला की, एवढे महागाचे शूज कपाटात ठेवायला आहेत का?

कार्बन पट्टीच्या शूजचा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. २०१७ मध्ये झालेल्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत तशा पहिल्या शूजनं धावायला लागणारी ऊर्जा सरासरी ४ टक्क्यांनी कमी केली होती. मात्र ते धावणारे ताशी १४ ते १८ किलोमीटरनं पळत होते. पुढे सावकाश धावणाऱ्यांवर तपासणी झाली तेव्हा ताशी १२ किलोमीटरला फायदा १.४ टक्के आणि ताशी १० किलोमीटरला ०.९ टक्का निघाला. ताई सपाटीवर ताशी ८ किलोमीटरनं पळतात आणि घाट चढताना त्याहून सावकाश. बुधवारचे वीस सेकंद बरेचसे आनंदाचे होते असं मला वाटतं, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण वेग एखादा टक्का वाढण्यासाठी दहा नखं पणाला लावायची, हा व्यवहार मला पटत नव्हता.

गुरुवारी सकाळी ताईंच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. जिना उतरताना धरून उतरावं लागलं. पाच किलोमीटर सपाटीवर पळून हे होत असेल तर घाटात काय होईल, हे सांगायची गरज नव्हती. तरी मी लगेच निकाल दिला नाही. त्यामागे भावाची ओवाळणी होती. "त्याला काय सांगू? तो समर्थ मंदिराच्या चौकात उभा राहणार आहे मला बघायला," ताई म्हणाल्या. ती अडचण मला नखाइतकीच खरी वाटली. त्यामुळे ठरवलं की रविवारी घाटातच तपासू. जे काही ठरेल ते ताईंच्या पायांनी ठरवू दे, माझ्या हट्टानं नको.

कठड्यावरचा रविवार

शर्यतीच्या आधीच्या रविवारी आम्ही पहाटे पावणेसहाला समर्थ मंदिरापासून निघालो. सहा किलोमीटर वर, सहा किलोमीटर खाली. ताईंच्या पायात नवे, आणि भाऊजी स्कूटरवर मागून, डिकीत जुने. भुरभुर पाऊस होता.

चढ नीट गेला. पाचव्या किलोमीटरला पोटऱ्या ओढायला लागल्या, पण तेवढं चालतं. वळलो आणि उतार सुरू झाला. पहिला किलोमीटर ताई गप्प. दुसऱ्यात त्यांची पावलं आखूड झाली आणि त्या टाचेवर भार देऊन, मागे रेलून उतरायला लागल्या. बोटं वाचवायला शरीर आपोआप असं करतं, आणि मग गुडघ्यांना मार बसतो. तिसऱ्या किलोमीटरला त्या थांबल्या आणि कठड्यावर बसल्या.

डावा मोजा काढला. कातडी पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. दुसऱ्या बोटाचं नख मुळाशी लाल, बोटाचं टोक दाबलं तर ताईंनी पाय मागे ओढला. मागे टाचेवर रुपयाएवढा गुलाबी चट्टा. टाच वर उचलली जात होती आणि घासत होती. लेस कितीही आवळली तरी फरक पडत नव्हता, कारण पुढे जागाच नव्हती. मी शूजमध्ये हात घातला. आतला तळवा ओला होऊन दोनएक मिलिमीटर पुढे सरकला होता आणि त्याच्या कडेची घडी बोटांखाली आली होती.

तो तळवा पाहून मला २०१५ ची बर्लिन मॅरेथॉन आठवली. एलियुड किपचोगेच्या दोन्ही शूजमधले आतले तळवे धावता धावता मागून बाहेर आले आणि घोट्याशी फडफडत राहिले. तो तसाच धावला, २ तास ४ मिनिटांत जिंकला आणि रक्ताळलेल्या, फोड आलेल्या पायांनी घरी गेला. शर्यतीच्या दिवशी शूजचा घोटाळा जगातल्या सगळ्यात पक्क्या धावपटूच्या बाबतीतही होऊ शकतो. फरक इतकाच की त्याच्याकडे तो सोसायचं कारण होतं. ताईंना सोमवारी वर्गावर उभं राहायचं असतं.

भाऊजींनी डिकीतून जुने काढून दिले. घातल्याबरोबर ताईंच्या तोंडून "हाऽऽ" निघालं. बोटं मोकळी झाली, चाल सुधारली, मलाही वाटलं की चला, जुनेच ठरले. आणि मग चौथ्या वळणाच्या खाली, जिथे झऱ्याचं पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं, ताईंची उजवी टाच सर्रकन घसरली. माझा दंड धरला म्हणून वाचल्या. झिजलेल्या कडेला पकड उरलीच नव्हती. सपाट कोरड्या रस्त्यावर हे कधी कळलं नसतं.

खाली चहाच्या टपरीवर बसलो तेव्हा दोन्ही जोड बाद झाले होते आणि शर्यत सात दिवसांवर होती.

तिसरा जोड

उपाय तसा साधा होता, फक्त तो आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आला नव्हता. जुने ज्या मॉडेलचे, त्याच मॉडेलचे नवे. पायाला सवय असते ती त्या आकाराची, त्या उंचीची, टाचेच्या त्या खोलगटपणाची, जुनेपणाची नसते. त्याच साच्यातला ताजा जोड आणि अनोळखी साच्यातला ताजा जोड, दोघांनाही आपण "नवीन" म्हणतो, पण पायाच्या दृष्टीनं ती दोन वेगळी प्रकरणं आहेत. रोममध्ये १९६० साली अबेबे बिकिलाला घेतलेला नवा जोड पायात नीट बसेना, तेव्हा तो ज्याची सवय होती तसा, अनवाणी धावला आणि ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. चार वर्षांनी टोकियोत शूज घालून पुन्हा जिंकला. दोन्ही वेळा तो ओळखीच्या पायांनी धावला, मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे.

ताईंना खर्च डोळ्यांपुढे दिसत होता. एका महिन्यात दोन जोड! "सर, याला काय म्हणायचं, घरात लोक हसतील." मी म्हटलं, जुने तसेही संपलेत, ऑक्टोबरात घ्यायचेच होते, ते दीड महिना आधी घेतोय. भाऊजींनी ते ऐकलं आणि वाद संपला.

त्याच रविवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही दुकानात गेलो. मुद्दाम संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, आणि धावायचे मोजे सोबत घेऊन. त्या मॉडेलची पुढची आवृत्ती आली होती. इथे सावध राहावं लागतं, कारण नाव तेच ठेवून कंपन्या आतला साचा थोडा बदलतात. तळवा काढून ताईंना त्यावर उभं केलं, डाव्या पायानं मापलं, अंगठाभर जागा मिळाली. टाचेची उंची तीच. पोटाशी, म्हणजे तळपायाच्या कमानीखाली, आतला उंचवटा मात्र जुन्यापेक्षा थोडा जास्त वाटला. ताईंनीच बोलून दाखवलं. "बसेल" असं मी म्हणालो. ते पुढे आठवायचं होतं.

सात दिवस होते आणि शर्यतीच्या आठवड्यात पाय थकवायचे नसतात, त्यामुळे फार पळून शूज रुळवणं शक्य नव्हतं. पळणं कमी आणि घालणं जास्त, असं ठरवलं. सोमवारी ताई तेच घालून शाळेत गेल्या, पूर्ण दिवस. मुलांनी विचारलं म्हणे, बाई आज खेळाचा तास आहे का? मंगळवारी ४ किलोमीटर सपाटीवर. गुरुवारी ६ किलोमीटर, पैकी ३ घाटाचा उतार, आणि मुद्दाम ओल्या रस्त्यावर. शुक्रवारी हलकेच ३. एकूण १३ किलोमीटर. सगळ्यात महत्त्वाचे होते त्यातले गुरुवारचे तीन.

त्याच गुरुवारी लेस बांधायची पद्धत बदलली. बहुतेक शूजना सगळ्यात वर घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं आणि बहुतेक जण ते रिकामं सोडतात. लेस त्या भोकातून त्याच बाजूला आत घालायची, म्हणजे छोटा कान तयार होतो. दोन्ही बाजूंना असे कान झाले की डावी लेस उजव्या कानातून आणि उजवी डाव्या कानातून ओवायची, खाली ओढून घट्ट करायची आणि मग नेहमीची गाठ. याने घोटा मागे धरून ठेवला जातो आणि पाऊल पुढे घसरत नाही. चवड्यावरची लेस सैल ठेवली तरी चालते, उतारावर पायाला धरून ठेवायचं काम वरचा हा फास करतो. ताईंनी पहिल्यांदा फार आवळली आणि घोट्यापुढे मुंग्या आल्या. दुसऱ्यांदा जमलं.

पावसात भिजलेला जोड गॅसजवळ किंवा गिझरवर ठेवायचा नाही, उष्णतेनं फोम आकसतो आणि डिंक सुटतो. आतला तळवा बाहेर काढून, चुरगाळलेलं वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली. दोन तासांनी कागद बदलायचा. सकाळपर्यंत बरेचसे वाळतात.

भावाला कोणी सांगायचं हा प्रश्न उरला होता. ताईंनी बुधवारी स्वतःच फोन केला आणि बोटाच्या लाल नखाचा फोटो पाठवला. तो म्हणाला, "आक्का, मला नंबर तुलाच विचारायला हवा होता गं. पण मग गंमत काय राहिली असती?" नारिंगी शूज त्याच्याच मुलीला, ताईंच्या भाचीला गेले. ती पोलीस भरतीची तयारी करते, ८०० मीटरच्या सरावाला घालते, आणि तिचा नंबर पाच आहे.

शर्यत

रविवारी सकाळी सगळं जुनं होतं, फक्त शूज आठवड्याचे. मोजे जुने, टी-शर्ट जुना. शर्यतीच्या किटमधला नवा टी-शर्ट ताईंना फार आवडला होता, पण तो घरी ठेवायला लावला. नखं तीन दिवस आधी कापलेली, कारण आदल्या दिवशी कापली की कडा धारदार राहतात आणि शेजारच्या बोटात घुसतात. दोन्ही दुसऱ्या बोटांना मेडिकलमध्ये मिळणारी साधी कागदी चिकटपट्टी, टाचेला थोडं व्हॅसलीन.

चढ त्यांनी ठरवल्याप्रमाणे सावकाश काढला, अवघड वळणांवर चालल्या. वळसा घेतल्यावर मी थोडा वेळ त्यांच्याबरोबर होतो. पावलं आखूड होत नव्हती, मागे रेलणं नव्हतं. झऱ्याच्या त्या वळणावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सरळ पाण्यातून पाय टाकत निघून गेल्या.

सतराव्या किलोमीटरपासून डाव्या तळपायाच्या कमानीखाली जळजळ सुरू झाली. दुकानात जाणवलेला तोच उंचवटा. समर्थ मंदिराच्या चौकात भाऊ ओरडत होता, त्या हसल्या, हात केला, पण पाय किंचित वाकडा पडत होता हे मला दिसलं. शेवटचे तीन किलोमीटर तसेच. २ तास ५६ मिनिटं.

मोजा काढला तेव्हा कमानीच्या कडेला दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठा फोड होता, भरलेला. नखं दहाच्या दहा जशीच्या तशी. फोड आम्ही फोडला नाही, स्वच्छ करून वर सैल पट्टी लावली, चार दिवसांत बसला.

मला विचाराल तर १३ किलोमीटर कमी पडले. तीन तासांच्या शर्यतीआधी त्या जोडावर निदान एक दीड तासाचं धावणं व्हायला हवं होतं, कमानीचं दुखणं तेव्हाच वर आलं असतं. आपण तळवा बदलून पाहिला असता, किंवा तिथे आधीच पट्टी लावली असती. चार आठवडे हाताशी असते तर हे सहज जमलं असतं. एका शर्यतीपुरते म्हणून बनवलेले शूजही असतात. २०२३ मध्ये इथिओपियाच्या टिगिस्ट असेफानं बर्लिन मॅरेथॉनला २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांचा महिलांचा जागतिक विक्रम केला तेव्हा तिच्या पायात १३८ ग्रॅमचा असाच जोड होता. पण त्या शूजच्या कंपनीनंसुद्धा एक शर्यत अधिक सवय होण्यापुरतं धावणं, असाच हिशोब सांगितला होता. सवयीचे किलोमीटर कोणालाच चुकत नाहीत.

आणि हे चार आठवडे माझ्याकडे होते. ताईंनी नावनोंदणी करून महिने झाले होते. मी त्यांचा आहार विचारला, झोप विचारली, घाटाचे सराव आखून दिले, पण एकदाही शूज उलटे करून सोल पाहिला नाही. आता आमच्या ग्रुपमध्ये जुलैच्या पहिल्या रविवारी धावणं झाल्यावर सगळे शूज काढून ओळीनं ठेवतात आणि मी एकेक उलटा करून बघतो. प्रत्येकानं शूजच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला मार्करनं पहिल्या दिवसाची तारीख लिहायची, म्हणजे वहीत हिशोब नसला तरी अंदाज येतो. ज्यांचा सोल टाचेला पांढरा दिसतो त्यांनी त्या आठवड्यातच त्याच मॉडेलचा दुसरा जोड घ्यायचा आणि दोन्ही आलटून पालटून वापरायचे. जुन्यांत लांब सराव, नव्यांत छोटा, आणि ऑगस्टमध्ये उलट.

यंदा जुलै लागला आणि पुण्याहून फोन आला. "सर, आक्काचा नंबर साडेपाचच ना? आणि तिला कमानीखाली लागतं म्हणाली होती, तो उंचवटा नसलेला जोड त्यात मिळतो का? दुकानातच उभा आहे."